बुधवारची वाळू

फॉर्मवर एक रकाना होता, मातृभाषा.
मी मराठी लिहिलं आणि पेन तिथंच राहिलं.
शिवतेज रडतो मराठीत,
पण ताट भिरकावताना,
वर्गातल्या पोराच्या दंडात दात रुतवायच्या आधी
तोंडातून येतं ते कन्नड.
तेवढं लिहायला जागा नव्हती.

हिरेमठ मॅडम धारवाडकडच्या.
त्यांचं मराठी नव्या चपलेसारखं, जरा चावणारं.
"ह्याला बरं करा," म्हटलं मी.
"तो आजारी नाही अक्का. आधी खेळू दे की."

खेळायला! नंदगडहून दोन बस बदलून,
मशीनवरचे ब्लाऊज तसेच टाकून.
गावात सांगितलंय, पोराचा दात दुखतो.
इतके बुधवार कुठला दात दुखतो गं,
गिरणीत पीठ चाळता चाळता विचारते कलावती.

त्याआधी दोरा बांधून झाला, लिंबू उतरून झालं.
मास्तरांनी वहीत लाल शाईनं काही लिहून पाठवलं,
कन्नडमधून. मला येईना.
मी त्यालाच वाचायला लावलं.
त्यानं वाचलं, मराठी करत करत,
स्वतःबद्दलचं सगळं,
आवाज न बदलता.
त्या रात्री त्याच्या पोटरीवर उलथन्याचा वळ उठला.
हे फॉर्मवर लिहिलं नाही.
तिसऱ्या बुधवारी तोंडी सांगितलं.

टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ ती खोली.
लाकडी पेटी, पेटीत वाळू,
फळीवर घरं, जनावरं, बोटाएवढी माणसं
आणि एक निळी बस.
दाराला काचेची पट्टी आहे, तिथून दिसतं:
दर बुधवारी तो बस पुरतो,
वाळू थोपटून सपाट करतो
आणि वर एक म्हैस बसवतो.
मॅडम का म्हणून विचारत नाहीत.
नुसतं म्हणतात, बस खाली गेली.
म्हैस बसली.
मला राग आला होता. हे तर मलाही दिसतंय,
ह्याचे पैसे?

त्याचे बाबा पणजीला गेले ते चोर्ला घाटातून.
गणपतीला येतो म्हणाले.
कुठल्या गणपतीला, ते सांगितलं नाही.

बसस्टँडवर मी आंधळी. पाट्या तोच वाचतो,
खानापूर, हल्याळ, सौंदत्ती, धारवाड,
पान थुंकणाऱ्या कंडक्टरच्याही आधी.
पणजीची गाडी लागली की मात्र
बुटाची नाडी बांधायला खाली वाकतो.
त्याच्या बुटांना नाडी नाही.

नवव्या बुधवारी त्यानं म्हशीला उठवलं.
बोटानं वाळू उकरली,
निळं छप्पर दिसेपर्यंत.
मग हात झटकले. "साकु."
"साकु तर साकु," मॅडम म्हणाल्या
आणि खिडकीतून रेल्वेकडे बघत बसल्या,
जसं काही झालंच नाही.

परत येताना स्टँडवर
आमच्या पुढ्यात एक गाडी येऊन थांबली.
तो वाकला नाही.
मी त्याच्याकडे बघितलं नाही, एवढं आता शिकलेय.
"पणजी," तो म्हणाला.
गाडी मागं घेताना शिटी वाजली, धूर आला.
"ही आपली न्हवं."
"मग आपली कुठली रे?"
मला खरंच वाचता येत नव्हतं.

पुढच्या सोमवारी पुन्हा एकाला चावला.
रक्त नाही आलं, असं वहीत आहे.
त्यानंच वाचून दाखवलं, ह्या वेळी
मध्येच थांबून, कानाच्या पाळ्या लाल करून.
मी वही जवळ ओढली,
एका गोल अक्षरावर बोट ठेवलं.
"हे ब का?"
"न्हवं आई," तो म्हणाला.
"परत बघ."